कंदील गल्लीतल्या दादांना

दादा, नमस्कार.

माहीमच्या कंदील गल्लीत तुमच्या शेजारी आमच्या शाळेची मुलं कंदील विकायला उभी होती, त्यांची मी चित्रकलेची बाई. तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, एवढी ओळख तेवढ्या संध्याकाळींत झाली. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, कारण नकारही आम्हाला चारचौघांतच मिळाले होते.

2023 च्या 3 नोव्हेंबरला रात्री बाराच्या आत-बाहेर पश्चिम नेपाळात, जाजरकोट आणि रुकुम पश्चिम या जिल्ह्यांत, भूकंप झाला. दगडमातीची घरं, आत झोपलेली माणसं. दीडशेच्या वर गेली, त्यात जवळजवळ निम्मी लहान मुलं. 2015 चा भूकंप 7.8 चा होता, तेव्हा सगळा देश हळहळला. हा त्या मानाने लहान. त्यात आपल्याकडे वर्ल्ड कप आणि तोंडावर दिवाळी, बातमी दोन दिवसांत मागे पडली. आमच्या शाळेत मात्र पडली नाही, कारण आमच्या चौकीदारमामांचं गाव तिकडेच. त्यांच्या वाडीतली पोरं थंडीत ताडपत्रीखाली झोपत होती. मुलांनी कार्यानुभवाच्या तासाला केलेले कंदील घरी न्यायचे नाहीत, विकायचे, असं सातवीच्या वर्गाने स्वतःच ठरवलं.

मग जागा शोधणं आलं. एका मोठ्या सोसायटीच्या कमिटीने विचारलं, "आपल्याकडे गरीब मुलं नाहीत का? परदेशात कशाला?" बरोबर आहे, आपल्याकडे आहेतच. पण हा प्रश्न विचारणाऱ्याने त्या इथल्या मुलांसाठी काय केलं, हे विचारायची सोय नव्हती. दुसरे एक गृहस्थ तयार झाले, फक्त प्रत्येक कंदिलावर त्यांच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर हवा होता. मुलांनी खळ लावून हाताने चिकटवलेल्या कागदी करंज्यांवर फोन नंबर! नको म्हटलं.

आणि तुम्ही? ऐन सीझन. वर्षाची कमाई त्या पंधरा दिवसांत. शेजारी कोणी नवीन उभा राहिला तर कपाळावर आठी यावी असे दिवस. तुम्ही एवढंच विचारलंत, "पोरं आहेत ना तिकडं?" आणि आपल्या बांबूवरचे चार कंदील उतरवून जागा करून दिलीत. अवेळी पाऊस भुरभुरला तेव्हा प्लास्टिकही आधी आमच्या मालावर टाकलंत. वायर, होल्डर, बल्ब तुमचेच.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

एक साहेब गाडी बाजूला लावून आले. आमच्यातल्या एका मुलीचा षटकोनी कंदील त्यांना आवडला. एक कामटी जरा वाकडी, शेपट्या खालीवर, पण रंग काय सुरेख लावले होते तिने. "केवढ्याला?" "दीडशे." "शंभरला दे." तिने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे तिला कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचेना. साहेबांनी शंभराची नोट पुढे केलीसुद्धा. तुम्ही खाली बसून झिरमिळ्या चिकटवत होतात. मान वर न करता म्हणालात, "साहेब, भाव माझ्याकडे करा. त्यांचा फिक्स आहे."

साहेब हसले, आणि खरोखरच तुमच्याकडे वळले. तुमचा एक मोठा कंदील उचलला, घासाघीस केली, तुम्ही पन्नास रुपये सोडलेत. पोरीचा दीडशेला गेला, पूर्ण.

ते पन्नास रुपये कुणाच्या खिशातून गेले, हे मुलांना त्या वेळी कळलं नाही. माझ्या लक्षात आलं, तेव्हा तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाला "या ताई" म्हणत होतात. त्यानंतर ती मुलगी मात्र "दीडशे!" अशी काही खणखणीत सांगायला लागली की पलीकडच्या गाळ्यावरचे लोक वळून बघायचे. घरी कुणी तिचं ऐकून घेत असेल असं मला वाटत नाही. भर बाजारात कुणीतरी तिच्या शब्दाला राखलं.

दादा, मदत करणारे पुष्कळ असतात, पण ते समोरच्याला आधी लहान करतात आणि मग देतात. तुम्ही कीव केली नाहीत. आमचा वाकडा कंदीलही माल म्हणूनच मांडलात, तुमच्या चांगल्या कंदिलांच्या ओळीत. या शहरात गर्दीला नावं ठेवायची आपल्याला सवय आहे, पण त्याच गर्दीत असा एखादा माणूस कामट्या बांधत बसलेला असतो आणि त्याचा कुठे बोर्ड नसतो.

हिशोब सांगायला हवा, तुमचा हक्क आहे. पैसे चौकीदारमामांच्या भावाकडे बँकेतून पोचले. ब्लँकेटं गावात आधीच वाटली गेली होती, म्हणून त्यांनी नेपालगंजहून मुलांसाठी कानटोप्या, मोजे आणि स्वेटर आणले. कुणाला काय दिलं, याची हाताने लिहिलेली यादी फोनवर आली आहे. ती मुलांनी वर्गात लावली.

आणखी एक. तुमचे दोन होल्डर आवराआवरीत आमच्या पिशवीत आले आहेत. ते परत करायला शनिवारी शाळा सुटल्यावर मुलं येतील. कामटी न मोडता वाकवायची कशी, हे त्यांना तुमच्याकडून शिकायचंय. वेळ असेल तर दाखवा. पण या खेपेला चहा आमच्याकडून, त्यात भाव नाही.

तुमची,
चित्रकलेची बाई