गोळ्यांचा हिशेब कोण ठेवणार?

महोदय,

फॅमिली डॉक्टरांच्या वार्षिक परिषदेचा आपल्या अंकातील वृत्तांत वाचला. मधुमेहावरील नव्या औषधांना त्यात ऐसपैस जागा मिळाली. वृद्धांच्या सगळ्या औषधांचा एकत्रित आढावा घेण्याचा मुद्दा मात्र दोन ओळींत आटोपला. खरे तर मथळा त्याचाच हवा होता. आमच्या रामबागेतल्या एका आजींच्या डब्यात टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे एकच औषध दोन निराळ्या ब्रँडच्या नावांनी निघाले. एक हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलेले, दुसरे मधुमेहतज्ज्ञांनी. शिवाय गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेले डायक्लोफिनॅक. अशा वेदनाशामकांनी रक्तदाब वाढू शकतो, आणि टेल्मिसार्टनच्या जोडीला ती मूत्रपिंडांनाही अपाय करू शकतात. तज्ज्ञ आपापल्या जागी चोखच (फीदेखील चोख!), पण साऱ्या चिठ्ठ्या समोर मांडून बघणार कोण? ते काम फॅमिली डॉक्टरचे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यसेवेसाठीच्या साधनसंपत्तीचा दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला द्यावा असे म्हटले आहे. इंदुरात मात्र नव्या पाट्या लागतात त्या सुपरस्पेशालिटीच्याच. आपल्या आरोग्य पुरवणीत वाचकांच्या औषधांच्या यादीवर फॅमिली डॉक्टरांचे साप्ताहिक सदर सुरू करावे, ही विनंती.

— एक ज्येष्ठ वाचक, रामबाग, इंदूर