सोलर काढण्याआधी त्याचे बोअरचे पाणी बंद करा

प्रति,
माननीय अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
त्रिमूर्तीनगर, नागपूर

विषय : वार्षिक सभेपुढील 'गच्चीवरील सोलर वॉटर हीटर काढून टाकणे' या प्रस्तावाबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

सभेची नोटीस मिळाली. सोलर भंगारात द्यावा आणि ज्याने त्याने आपापला गिझर बसवावा, असे त्यात म्हटले आहे. लोकांची तक्रार खोटी नाही. मागच्या थंडीत सकाळी सातला आमच्याही नळाला कोमटच पाणी होते. पण सगळी पीडा एकट्या सोलरच्या माथी मारून 'घेऊन जा गे मारबत' म्हणत त्याला गावाबाहेर काढण्याआधी तो बिघडला कशाने, हे सभेपुढे यायला हवे. माझ्या मते तो बोअरच्या पाण्याने बिघडला.

मागच्या आठवड्यात प्लंबर गच्चीवर आला होता, तेव्हा सोलरच्या तीन टाक्यांपैकी मधल्या टाकीची एक काचनळी, म्हणजे जिच्यात पाणी उन्हाने तापते ती, त्याच्याकडून काढून घेतली. नळी उलटी केल्यावर आधी गढूळ पाणी आले, मग पांढऱ्या खपल्या खडखडत बाहेर पडल्या, काही तर नखाएवढ्या. तळाशी वीतभर थर इतका घट्ट बसलेला होता की तारेने टोचूनही हलेना. टाकीत हात घातला तर तिथेही तळाला तेच. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे कार्बोनेट होते आणि ते पांढरे होऊन चिकटून बसते. पूर्वी सोलरला फक्त महानगरपालिकेचे पाणी जायचे. खालच्या टाक्यात बोअरचे पाणी मिसळायला लागल्यापासून आपण नळ्यांमध्ये हा चुनाच भरतो आहोत.

गिझर लावून यातून सुटका नाही. हेच पाणी गिझरच्या कॉइलवर बसणार. आज तीन टाक्यांचा त्रास आहे, उद्या सोळा घरांत सोळा गिझरचा होईल, आणि तो खर्च ज्याचा त्याच्या खिशातून असल्यामुळे कमिटीच्या हिशेबात दिसणारही नाही.

विजेचेही बोलू. आपल्या तीन टाक्या मिळून 1500 लिटर पाणी धरतात. थंडीत तेवढे पाणी 20 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला साधारण 61 युनिट लागतात. म्हणजे घरटी रोज पावणेचार युनिटच्या आसपास. नागपूरच्या उन्हात हे फुकट मिळत असताना ते मीटरवर घ्यायचे का, हे सभासदांनी आकडा समोर ठेवून ठरवावे.

आणखी एक गोष्ट. सोलर थंडीत दगा देतो म्हणून आपण थंडीलाच बोल लावतो, पण त्याचे खरे नुकसान उन्हाळ्यात होते. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला असतो आणि गच्चीवरच्या साध्या टाकीचेच पाणी अंगाला चटके देते. सोलरचे पाणी कोणी घेत नाही, अर्धी सोसायटी गावी गेलेली असते. नळ्या मात्र तापतच राहतात. पाणी जितके जास्त तापेल तितका चुना जास्त सुटतो, आणि रबरी रिंगा कडक होऊन गळायला लागतात ते वेगळेच. एप्रिल ते जून निम्म्या नळ्या हिरव्या नेटने झाकून ठेवायच्या. आपल्याकडे सिग्नलवर बांधतात तीच नेट. याला किती खर्च येतो हे सांगायची गरज नाही.

प्लंबरसोबत पाहणी करताना इतरही काही दिसले. दोन नळ्यांच्या बंद टोकाला आतून जो आरशासारखा चंदेरी लेप असतो तो दुधासारखा पांढरा झाला आहे. त्यांतली निर्वात पोकळी गेली आहे, त्यामुळे उन्हात त्यांची बाहेरची काच हाताला गरम लागते. त्या बदलाव्याच लागतील. गरम पाण्याच्या पाइपावरचा काळा फोम उन्हाने भुगा झाला आहे, म्हणून खालच्या मजल्यांना आधी बादलीभर थंड पाणी सोडून द्यावे लागते. काही घरांत मिक्सरला पुढे हँड शॉवर जोडून मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच ठेवतात. त्यातून थंड पाणी गरम लाइनीत शिरते आणि शेजारचा सोलरच्या नावाने खडे फोडतो. आणि तिसऱ्या टाकीच्या एअर व्हेंटला कोणीतरी प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती! तो पाइप थेंब थेंब गळला तरी चालेल, बंद होता कामा नये. हवेची वाट बंद झाली तर टाकी फुगू शकते किंवा आत दबू शकते. पिशवी मी लगेच काढली. कोणाची असेल त्यांनी राग मानू नये.

माझी विनंती अशी की सभेच्या विषयात 'काढून टाकणे' याऐवजी 'दुरुस्ती व स्वतंत्र पाणीजोडणी' असा बदल करावा. सोलरसाठी गच्चीवर वेगळी थंड पाण्याची टाकी हवी, तिचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा उंच हवा, आणि तिच्यात फक्त महानगरपालिकेचे पाणी यावे. बोअर गाड्या धुवायला आणि बागेला खुशाल वापरा. टाक्या आणि नळ्या सायट्रिक ॲसिडने साफ करून घ्याव्यात. मागे एकाने फरशी धुवायचे ॲसिड टाकतो म्हटले होते, त्याला अजिबात होकार देऊ नये. त्याने स्टीलच्या टाकीला बारीक छिद्रे पडतात. काम पाऊस ओसरल्यावर, थंडीच्या आधी व्हावे. नळ्या परत भरायच्या त्या सूर्य उगवायच्या आत, कारण तापलेल्या रिकाम्या नळीत थंड पाणी गेले की काच तडकते.

पैशाचे म्हणाल तर उपविधीप्रमाणे आपण दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दुरुस्ती व देखभाल निधी जमा करतो. तो अशाच कामासाठी आहे, वेगळी वर्गणी काढायला नको. दोन ठिकाणांहून लेखी अंदाजपत्रक मागवून सभेत ठेवावे. शिवाय इमारतीच्या मंजूर नकाशात सोलर दाखवलेला असेल तर तो काढता येतो का, हेही एकदा आर्किटेक्टला विचारून घ्यावे.

सभेआधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला गच्चीची चावी मिळावी. प्लंबरला मी सांगून ठेवले आहे, ऊन चढायच्या आत तो आणखी दोन नळ्या उघडून दाखवेल. आपण, सचिव आणि ज्यांनी प्रस्ताव मांडला ते सभासद, तिघेही यावे. चहा आमच्याकडे.

आपला,
सभासद, सदनिका क्र. 302