परवा कसं वाटतं ते सांगा

प्रिय मुली,

पत्रात नाव घालू नका असं तू बजावलंस, म्हणून नुसतंच 'मुली'. लेकीची मैत्रीण म्हणून घरी यायला लागलीस तेव्हापासून मला काकू म्हणतेस, तेव्हा एवढी सूट मला आहे. आणि तोंडावर आभार मानायला गेलं की तू विषय बदलतेस, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. आता बदल विषय.

एकटीने, सॅक पाठीवर टाकून, तीन-चार दिवसांच्या मुक्कामी वाटा चालायच्या आहेत, असं मी ५९व्या वर्षी घरात सांगितलं तेव्हा दोनच प्रकारची उत्तरं मिळाली. एक, 'या वयात?' आणि दुसरं, 'या वयातही! कमाल आहे तुमची.' पहिल्याने चिडचिड झाली, दुसऱ्याने त्याहून जास्त. 'या वयात?' म्हणणारा निदान वाद घालायला थांबतो. टाळ्या वाजवणारा टाळ्या वाजवतो आणि निघून जातो, सॅकचा पट्टा कुठे आवळायचा ते काही सांगत नाही. एका ट्रेकिंग ग्रुपला फोन केला, तर त्यांनी वय विचारलं आणि ज्येष्ठांच्या एक दिवसाच्या सहलीचं माहितीपत्रक पाठवून दिलं.

तू यातलं काहीच बोलली नाहीस. तू विचारलंस, 'काकू, तुमचं वजन किती?'

५८ किलो. मग तू पिशवीतून तो लटकवायचा काटा काढलास, मी ऐटीत भरून ठेवलेली सॅक त्याला अडकवलीस, दोन्ही हातांनी उचललीस आणि आकडा वाचलास. १६.८. 'अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ठीक. म्हणजे तुम्हाला साडेअकरा. पाच किलो कुठून काढायचे ते बघू,' म्हणालीस आणि सगळी सॅक फरशीवर उपडी केलीस.

तो तास मी विसरणार नाही. मोठा टॉवेल गेला, हातरुमालाएवढा आला. दुसरे बूट गेले. कादंबरी हातात घेऊन तू पानं चाळलीस, मला वाटलं आवडली. 'सातशे ग्रॅम,' एवढंच म्हणालीस. चार लिटर पाणी भरलं होतं. 'एक लिटर म्हणजे एक किलो, काकू. झरे कुठे आहेत ते नकाशावर बघा, फिल्टर घ्या. पाणी पाठीवर कशाला वाहायचं?' जे जे दोन होतं त्यातलं एक निघालं. आणि हे सगळं झाल्यावर तूच विचारलंस, 'दुसरा चष्मा कुठाय?'

मी म्हटलं, आत्ता तर दोन-दोन वस्तू काढल्यास. तेव्हा तू मला एमा गेटवूडची गोष्ट सांगितलीस. तिची गोष्ट एव्हाना मला चारजणांनी ऐकवली होती: अकरा मुलांची आई, १९५५ साली ६७व्या वर्षी, पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी, आणि अमेरिकेतली अपालेशियन ट्रेल एकटीने सलग चालून गेली. तीन हजारांहून जास्त किलोमीटर. ऐकून छाती फुगते आणि करायचं काय ते कळत नाही. तू मात्र त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट सांगितलीस. १९५४ मध्ये ती त्याच वाटेच्या उत्तर टोकाकडून निघाली होती. वाट चुकली, चष्मा फुटला, आणि तिला घरी परतावं लागलं. 'म्हणून दुसरा चष्मा,' म्हणालीस. साठ ग्रॅम असेल नसेल. काटा शेवटी ११.२ वर थांबला.

सॅक बसवणं हाही एक धडाच होता. मी माझ्या उंचीवरून सॅक घेणार होते. तू मला मान खाली घालायला लावलीस, मानेच्या तळाशी वर येणारं हाड बोटाने चाचपलंस आणि तिथून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत शिंप्याची टेप धरलीस. ४३ सेंटिमीटर. सॅकचं माप हे, उंची नव्हे. कमरपट्टा हाडाच्या वर नाही, खाली नाही, हाडावर. ओझं कमरेने घ्यायचं, खांद्यांनी नुसतं सावरायचं. त्याआधी आठवडाभर मी ओझं खांद्यांवर घेऊन फिरत होते आणि बोटांना मुंग्या येतात ते वयामुळे असं समजत होते. वयाच्या नावावर किती गोष्टी खपतात बघ.

मग सराव. डॉक्टरांकडे जाऊन हृदय आणि हाडं तपासून घेतली, त्यात सांगण्यासारखं काही निघालं नाही. पण जिने! सगळे चढायचा सराव करतात, उतरायचा कुणीच करत नाही, हे तुझं वाक्य माझ्या मांड्यांवर कोरलं गेलंय. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, आणि त्याला सवय नसेल तर तो लगेच नाही, दीड-दोन दिवसांनी दुखतो. म्हणून मी फोन करून 'आज सहा मजले पाच वेळा, अगदी मजेत' असं सांगितलं की तुझं ठरलेलं उत्तर यायचं: 'छान. परवा कसं वाटतं ते सांगा.' पहिल्या वेळी परवा मी खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं.

रिकाम्या सॅकपासून सुरुवात केली आणि आठवड्याला एक किलो वाढवला. मला घाई होती. दमसास महिन्याभरात आला होता. तू म्हणालीस, स्नायू लवकर तयार होतात, स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे मागून, सावकाश येतात. त्यांची वाट बघा. तहानही वयाबरोबर उशिरा लागायला लागते, म्हणून घड्याळ बघून पाणी. तंबू खोलीत लावून त्यातून रात्री गुडघ्यांवर बाहेर यायची तालीमसुद्धा करून घेतलीस. हे सगळं वयाचंच होतं ना? पण तू 'वय' हा शब्द काढला नाहीस. तो हिशेबात एक आकडा होता, पाण्याच्या लिटरासारखा.

वेळेचा हिशेबही तसाच. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला नियम: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. 'यात थांबणं धरलेलं नाही, सॅकही जड. तुमच्यासाठी दीडपट धरू. आणि त्यात परत फिरायची वेळ आधीच लिहून ठेवा. वर पोचल्यावर ठरवायचं नाही, तिथे माणूस स्वतःशी खोटं बोलतो.'

पहिल्या एकटीच्या वाटेवर, दुसऱ्या दिवशी, खिंडीपर्यंत आठ किलोमीटर आणि नऊशे मीटर चढ होता. नियमाने तीन तास सहा मिनिटं, दीडपट म्हणजे जेमतेम पावणेपाच. सातला निघाले तर पावणेबाराला खिंड. परतीची वेळ साडेबारा. कागदावर लिहून एक प्रत तुझ्याकडे, एक माझ्या खिशात. रात्री आठपर्यंत माझा निरोप आला नाही तर तू हालचाल करणार.

पन्नासएक मिनिटं मी गुरांच्या वाटेवर घालवली. चूक सर्वस्वी माझी, नकाशा सॅकच्या वरच्या कप्प्यात होता आणि काढायचा कंटाळा केला. मग टाच चुरचुरायला लागली, तेव्हा मात्र शहाण्यासारखी थांबले, फोड येण्याआधी पट्टी लावली. साडेबारा वाजले तेव्हा खिंड डोक्यावर दिसत होती. दीडशे मीटर चढ असेल. ढग खाली सरकत होते, पण अजून वाट दिसत होती, आणि पाय चांगले चालत होते. तिथे एका दगडाला टेकून मी चक्क रडले. दोन्ही प्रकारचे लोक आठवले. 'या वयात?' वाले म्हणणार, सांगितलं होतं. 'या वयातही!' वाले म्हणणार, एवढं तरी केलंत! मग खिशातला कागद काढला. त्यावर माझ्याच अक्षरात १२.३० लिहिलं होतं आणि त्याला माझ्या वयाचं काही पडलेलं नव्हतं. फिरले.

आदल्या रात्रीच्या मुक्कामाशी पोचले तेव्हा खिंड दिसत नव्हती, नुसता करडा पडदा होता. तिथे थोडी रेंज येत होती. मी लिहिलं, 'परत फिरले.' तुझं उत्तर एका शब्दाचं होतं: 'गुडघा?'

सांत्वन नाही, शाबासकी नाही. मुली, मला त्या एका शब्दाचे आभार मानायचे आहेत. मी गुडघ्याकडे बघितलं. ठीक होता. तसं कळवलं, आणि तू अपेक्षेप्रमाणे लिहिलंस की परवा सांगा.

पाच आठवड्यांनी तीच वाट पूर्ण केली. खिंडीत अकरा पस्तीसला होते, म्हणजे तुझ्या दीडपटीतली दहा मिनिटं तुला परत. शेवटच्या रात्री दोनच्या सुमाराला तंबूबाहेर काहीतरी टपटप वाजत होतं. बराच वेळ श्वास धरून ऐकलं, मग बघायला निघाले, तर माझाच ढिला सुटलेला दोर कापडावर आपटत होता. तेवढ्या धांदलीत चष्म्यावर गुडघा ठेवला. एक काडी मोडली, एक काच निखळली. हेडटॉर्चच्या उजेडात दुसरा चष्मा काढला, घातला आणि एकटीच हसत बसले.

पुढच्या महिन्यात पाच दिवसांचा बेत आहे. कागद पाठवते, परतीच्या वेळा बघून घे. तिसऱ्या दिवसाची मला जरा जास्तच उदार वाटतेय. तुझा काटा अजून माझ्याकडेच आहे. तो आल्यावर देईन.

तुझी,
काकू