‘पुनर्वसन पूर्ण’ हा शेरा केव्हा लिहावा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निराधार आणि संकटग्रस्त मुलांसाठीच्या योजनांचे यश सांगताना किती मुले दाखल झाली, किती जणांचे पुनर्वसन झाले आणि किती प्रकरणे निकाली निघाली, हेच आकडे पुढे केले जातात. बालगृहात अनेक वर्षे समुपदेशनाचे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, ही मोजदाद नको त्या दिवशी थांबते.

वयाची १८ वर्षे पूर्ण झाली म्हणून आमच्या संस्थेतून बाहेर पडलेला एक मुलगा दुसऱ्याच दिवशी नोकरीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. सगळे भरून झाले होते. दोन रकाने तेवढे अडले होते. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात त्याने अखेर संस्थेचाच पत्ता लिहिला, जिथे आता त्याला राहता येणार नव्हते. ‘अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे’ हा रकाना मात्र त्याने कोराच ठेवला. नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘पुनर्वसन पूर्ण’ असा शेरा आदल्या संध्याकाळीच पडला होता, आणि तो माझ्याच हातचा होता.

घरात वाढलेले कोणतेही मूल अठराव्या वाढदिवसाला असे एकदम सुटे होत नाही. नोकरी सुटली, ताप आला, भाड्याची खोली सोडावी लागली, तर ते चार दिवस घरी येते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मूल म्हणजे सर्वसाधारणपणे १८ वर्षांखालील व्यक्ती असे म्हटले आहे, ते संरक्षणासाठी. त्या वयाला हात सोडून द्यावा, असे त्यात कुठेही नाही. उलट पर्यायी संगोपनाविषयी, म्हणजे आईवडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या सांभाळाविषयी, २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीच स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, बाहेर पडण्याची तयारी बरीच आधी सुरू व्हावी आणि नंतरही आधार मिळत राहावा.

त्याच तत्त्वांतील आणखी एक गोष्ट आपल्या चर्चेत फारशी येत नाही: केवळ गरिबी हे मुलाला आईवडिलांपासून दूर करण्याचे कारण असू शकत नाही. आजारपण, कर्ज किंवा बेघरपणा यांनी वाकलेल्या कुटुंबाला वेळेवर मदत मिळाली, तर कितीतरी मुलांना संस्थेची पायरी चढावीच लागणार नाही.

संस्थेत मायाळू माणसे नसतात असे नाही, पण ती पाळ्यांनी येतात आणि बदलून जातात. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० च्या सुमारास सुरू झालेल्या, अनाथालयांतील १३६ बालकांच्या अभ्यासात निम्म्या मुलांना प्रतिपालक, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या, कुटुंबांत ठेवण्यात आले. बुद्धी आणि जिव्हाळ्याची नाती या दोन्ही बाबतींत ती मुले संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस ठरली आणि साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. लहान वयात जे खरे, ते विशीच्या उंबरठ्यावर अगदीच खोटे ठरेल, असे मला वाटत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक युवकामागे ओळखीचा एकच कार्यकर्ता पुढील किमान तीन वर्षे राहावा, अडचण आल्यास काही दिवस परत येण्याची मुभा असावी, आणि ‘पुनर्वसन पूर्ण’ हा शेरा त्या तीन वर्षांनंतर, त्या मुलाला विचारून लिहावा.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक