स्टेशनचं किट मिळत नाही, ते पुठ्ठ्यातूनच करावं लागतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पोरांनी केलेल्या दिवाळीच्या किल्ल्यांचे फोटो छापलेत, त्यातल्या एका किल्ल्याच्या पायथ्याशी कुणीतरी बुटाच्या खोक्याचं रेल्वे स्टेशन ठेवलंय. ते बघूनच हे पत्र लिहायला बसलो.

मी बार्शीचा. आमची बार्शी लाइट रेल्वे 1897 ला सुरू झाली, अडीच फुटी नॅरोगेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट), पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली आणि आता सगळी ब्रॉडगेज झाली. लहानपणी त्या गाडीतून वारीला गेलोय, म्हणून रिटायर झाल्यावर ठरवलं की घरातल्या टेबलावर त्याच लाइनचं छोटं मॉडेल करायचं. त्यासाठी एचओ स्केल घेतलं, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. आपली 762 मिलिमीटरची नॅरोगेज त्यात पावणेनऊ मिलिमीटर होते, म्हणजे त्याहून लहान मॉडेलांच्या एन स्केलचा 9 मिलिमीटरचा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो, हे कळलं तेव्हा मला रात्री झोप नाही लागली!

रूळ मिळाले पण स्टेशन कुठून आणायचं. बाजारात सुटे भाग जोडून इमारत करायची जी किट येतात ती फॉलरसारख्या कंपन्यांची, जर्मन खेड्यातली उतरत्या लाल छपरांची घरं, सुंदर असतात यात वाद नाही पण त्यांच्यासमोर आपली गाडी उभी केली की परक्याच्या दारात उभी केल्यासारखी वाटते, आणि किंमत तर विचारूच नका. काळ्या दगडाची भिंत आणि पुढे पत्र्याची पडवी असलेलं आपलं स्टेशन कुठल्याच किटमध्ये नाही.

मग घरातच शोधलं. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा भिंतींना एकदम बेस्ट, कडक असतो आणि कटरने स्वच्छ कापला जातो. अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा फाडून त्याचे बारीक तुकडे चिकटवले आणि वर काळपट राखाडी रंग दिला की आपला काळा दगड तयार. पत्र्याला खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरू नका, या स्केलला त्याच्या नाल्या फार मोठ्या दिसतात. त्यापेक्षा हॉटेलच्या पार्सलचा अॅल्युमिनियमचा डबा कापून सपाट करायचा, बारीक दातांच्या फणीवर ठेवायचा आणि दातांच्या मधल्या खाचेतून रिकाम्या रिफिलचं टोक फिरवायचं, हुबेहूब पन्हळी पत्रा. विझलेल्या उदबत्तीची काडी म्हणजे पावसाच्या पाण्याचा पाइप, जाडीसुद्धा बरोबर येते. फलाटावर मुरूम म्हणून रांगोळीत थोडी गेरू. चहाचा चोथा मातीसारखा छान दिसतो पण कडक उन्हात पूर्ण वाळवा नाहीतर बुरशी येते.

माझी पहिली भिंत वाकली कारण गोंद पातळ करून एकाच बाजूने चोपडला होता. आता आतून आइस्क्रीमच्या काड्या आडव्या-उभ्या लावतो आणि रंग दोन्ही बाजूंनी देतो. खिडक्यांच्या काचा शर्टच्या खोक्यावरच्या प्लॅस्टिकच्या, त्या फेव्हिकॉलनेच चिकटवायच्या, झटपट सुकणाऱ्या गोंदाच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते.

खरी अडचण मापांची आहे. जुन्या इमारती पाडल्या गेल्या, माझ्याकडे एका छोट्या स्टेशनचा एकच फोटो उरलाय, त्यात दिसणारा दरवाजा सात फुटांचा धरला, म्हणजे या स्केलला साधारण साडेचोवीस मिलिमीटर, आणि त्याच्यावरून बाकीची सगळी उंची काढली. त्याच्या मागची बाजू कशी होती ते आता कोण सांगणार? पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, मुलांना जरूर दाखवावं असं, पण प्रत्येक गावाचं स्टेशन एका म्युझियममध्ये कसं मावेल.

म्हणून विनंती आहे की तुमच्या बालपुरवणीत महिन्यातून एकदा एका जुन्या स्टेशनचा मोजमापासकट आराखडा छापा, चारही बाजू, 1:87 मध्ये, कापून पुठ्ठ्यावर चिकटवता येईल असा. वाचकांकडून जुने फोटो मागवा, बरेच जण पाठवतील. सुरुवात नेरळ-माथेरान लाइनच्या जुम्मापट्टी स्टेशनपासून केली तरी चालेल पण दुसरा नंबर आमच्या लाइनचा लावा. माझ्याकडचा फोटो आणि काढलेली मापं मी लगेच पाठवतो.

आपला नियमित वाचक,
बार्शी