रामशेजच्या पायथ्याच्या माणसांचे आभार

रविवारी नाशिकजवळचा रामशेज किल्ला उतरताना आमच्या राणी कुत्रीच्या पुढच्या पायात बाभळीचा काटा रुतला. ती पाय टेकेना. ऊन चढलेलं, काळा कातळ तव्यासारखा तापलेला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि राणीची जीभ तर पार बाहेर आली होती.

गुरं राखणारे एक बाबा न बोलवता आले. तिचं डोकं काखेत धरलं, पंजाच्या गाद्या अंगठ्याने फाकवल्या आणि नखांच्या चिमटीत काटा अख्खा उपसला. इतकी गुरगुरणारी आमची बाई, पण त्यांच्यापुढे हूं की चूं नाही! आशेवाडीतल्या मावशींनी हंड्यातलं पाणी आधी तिच्या पोटावर, पंजांवर ओतलं, मगच थोडं थोडं पाजलं. दोन पोरांनी घोंगडीची झोळी करून तिला गाडीपर्यंत आणलं. पैसे पुढे केले तर रागावले. नावं विचारायचीही राहिली.

पावसाळ्यात सोमेश्वर धबधब्याजवळ "दादा, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, कुत्र्याला घेऊन वर या" म्हणून ओरडणारा भेळवालाही असाच बिननावाचा. त्यालाही नमस्कार.

औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद न देणारा हा गड. त्याच्या खालची माणसं मात्र भलतीच मऊ. राणी आता बरी आहे. बाबा, पुढच्या खेपेला तंबाखू नाही, गुळाची ढेप आणतो!