वंशावळीचे कागद ग्रंथालयात देण्याबाबत

सर्व कुलबंधू-भगिनींना नमस्कार.

अण्णांनी जमवलेली वंशावळ, मोडी कागद आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून उतरवलेल्या नोंदी आता ग्रंथालयाच्या दप्तरात ठेवायच्या आहेत. २०१९ च्या महापुरात सांगलीत कितीतरी घरांतले कागद गेले. आपली ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली, तरी अण्णांच्या लाल वहीची शाई ओलीने पसरलीच. पुन्हा तो धोका नको.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपापल्या घरचे कागद घेऊन गावभागातल्या थोरल्या घरी यावे.

– गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको.
– फोटोमागे नावे मऊ पेन्सिलीनेच लिहा.
– हयात माणसांच्या जन्मतारखा वेगळ्या पाकिटात.

देणगीपत्रावर थोरल्या काकू सही करतील. कुणाची हरकत असल्यास शनिवारपर्यंत त्यांना सांगावे.